गरी, जाळे आणि परवाना

मे महिन्यात मुंबईची कुटुंबे गावी उतरली की मसुऱ्याच्या खाडीकाठी संध्याकाळची वर्दळ वाढते. पूर्वी बांबूची काठी, दोरा आणि गरी एवढ्यावर हौस भागत असे. आता चाकरमान्यांची मुले फिरकी लावलेल्या चकचकीत काठ्या घेऊन येतात. कॅनडात किंवा इंग्लंडात वाढलेला एखादा नातू तर काठावर बसण्यापूर्वी विचारतो, "इथे गरवायला परवाना लागतो का? दरवर्षी नवा करावा लागतो का?" वडीलधाऱ्यांना त्याचे हसू येते. खाडीत गरी टाकायला कसला आलाय परवाना! परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्या उत्तरात आपल्या किनाऱ्याचा शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

'परवाना' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. जुन्या राजवटींत परवाना म्हणजे सत्ताधीशाचे आज्ञापत्र. आज आपण त्याचा अर्थ केवळ 'परवानगी' असा घेतो. वस्तुतः परवान्याला दोन बाजू असतात. घेणारा काही अटी मान्य करतो आणि देणारा त्या अटींच्या मोबदल्यात काही राखण्याची हमी देतो. यांतली एक बाजू गळून पडली की उरतो तो नुसता कागद.

मसुऱ्याची भूमी ही सत्तेच्या आणि पाण्याच्या नात्याची जुनी साक्षीदार आहे. सह्याद्रीतून निघालेली गड नदी कणकवलीवरून वाहत येते, पुढे कालावलची खाडी होते आणि तळाशील-तोंडवळीच्या वाळूच्या पट्ट्याला वळसा घालून सर्जेकोटजवळ समुद्राला मिळते. या खाडीच्या दक्षिणेला मसुऱ्याचा भरतगड आणि उत्तरेला भगवंतगड. वाडीकर सावंतांनी १७०१ साली भरतगड पूर्ण केला, तो समोरच्या काठावर बावड्याचे पंत अमात्य किल्ला उभारीत होते म्हणून. १८१८ साली हे दोन्ही किल्ले इंग्रजांच्या हाती गेले. किल्ल्यांचे धनी बदलले. खाली पाग टाकणारा आणि गरवणारा मनुष्य मात्र तोच राहिला. कोणत्या कोंडीत कोणी जाळे लावावे, कोणत्या भरतीला कोणाची पाळी, हे गावरहाटीने ठरत असे. तो अलिखित परवानाच होता, आणि तो मोडणाऱ्याला गावासमोर जाब द्यावा लागे.

इंग्रजी अमदानीत ही रहाटी न्यायालयांच्या कसोटीस लागली. १८७० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे मच्छीमारांच्या दोन गटांतील एक तंटा गेला. समुद्रात मासे धरण्याचा हक्क सर्व जनतेचा आहे, मात्र एकाने दुसऱ्याच्या मासेमारीचा द्वेषबुद्धीने नाश करता कामा नये, असे सूत्र त्या निकालातून पुढे आले. समुद्र सर्वांचा, पण शेजाऱ्याच्या पोटावर पाय देऊन नव्हे, हा विचार आपल्या कोळी-गाबितांना नवा नव्हता. तो आता कायद्याच्या भाषेत आला इतकेच.

याच सुमारास मासेमारीच्या हौसेने हिंदुस्थानात वेगळे वळण घेतले. दक्षिण कानडा जिल्ह्याचे कलेक्टर हेन्री सलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली मंगळूर येथे छापले गेले. गळाने मासे धरण्याच्या छंदाला वाहिलेले हे पुस्तक. परंतु माशांची पैदास, त्यांची जोपासना आणि त्यांचे मोल यांचा विचारही त्यात आहे. सहा वर्षांनी, १८७९ साली, मद्रास इलाख्यात निलगिरीसाठी शिकारीचे प्राणी व मासे यांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि तेथील शिकार व मासेमारी नियमांच्या चौकटीत आली. आपल्या देशात हौशी मासेमारीला कायद्याचे बंधन पडल्याची ही फार जुनी नोंद होय. समुद्रावर पोट भरणाऱ्या माणसाला अजून कोणी कागद विचारीत नव्हते, आणि डोंगरावर मौजेखातर गळ टाकणाऱ्या साहेबाला मात्र नियम होते. आज अनेकांना उलटा वाटावा असा हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

त्यानंतर १८९७ चा भारतीय मत्स्योद्योग कायदा आला. सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे त्याने गुन्हा ठरविले आणि ठरावीक पाण्यांसाठी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. या दोन्ही दुष्ट रीतींनी मोठ्या माशाबरोबर अंडी आणि पिलेही मरतात. एका दिवसाच्या लोभापायी कोंड वर्षभर ओसाड पडते. गरी आणि सुरुंग यांतला फरक कायद्याने तेव्हाच ओळखला होता.

पाश्चात्त्य देशांत हौशी गळकऱ्याचा परवाना पुढे सर्वसामान्य झाला. अमेरिकेत प्रत्येक राज्य असा परवाना देते. तेथे १९५० साली झालेल्या एका केंद्रीय कायद्यान्वये मासेमारीच्या साहित्यावरील कराचा पैसा मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांना वाटला जातो आणि प्रत्येकाचा वाटा ठरविताना त्या राज्यातील परवानाधारकांची संख्याही जमेस धरली जाते. म्हणजे परवाना नूतनीकरण करणारा गळकरी नकळत नदीलाच काही परत देत असतो. इंग्लंडात नद्या-तलावांत गळ टाकायला परवाना लागतो. समुद्रकाठी काठी घेऊन बसणाऱ्याला मात्र तो लागत नाही.

आपल्या राज्यात या परंपरेचा परिचित धागा मुंबईच्या पवई तलावाशी जोडलेला आहे. तेथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळकऱ्यांची संस्था कित्येक दशके आपल्या सभासदांच्या छंदाला शिस्त लावीत आली आहे. धरणांच्या जलाशयांचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथे हौसेने गळ टाकायचा तर त्या संस्थेची अनुमती घेणे हे कायद्यालाही आणि सौजन्यालाही धरून आहे. त्या पाण्यात तिने मत्स्यबीज सोडलेले असते. त्यामागे तिच्या सभासदांचा पैसा आणि घाम असतो.

मालवणच्या किनाऱ्यावर परवाना आला तो हौसेच्या वाटेने नव्हे. तो भाकरीच्या प्रश्नातून आला. त्यासाठी रापण समजून घेतली पाहिजे. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचे भले मोठे जाळे. होडीने ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून माणसांनी ओढायचे. जाळ्याचे तुकडे वेगवेगळ्या घरांचे आणि मेहनत सर्वांची, म्हणून मिळालेल्या तारली-बांगड्याचे वाटेही सर्वांना. एका घराने श्रीमंत व्हावे अशी सोयच त्या जाळ्यात नाही.

यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात येऊ लागले तेव्हा रापणीला मासा कमी पडू लागला. गोव्यात हेच जाळे 'रांपण' म्हणून ओळखले जाते. तेथील रांपणकारांनी १९७० च्या दशकात मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला. केरळात रिडेम्प्टोरिस्ट संघाचे धर्मगुरू फादर टॉम कोचेरी मच्छीमारांच्या बाजूने उभे राहिले आणि पुढे त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे अग्रणी झाले. साल्ढाणा २०१२ साली आणि फादर कोचेरी २०१४ साली दिवंगत झाले. त्या दशकातील संघर्षांमुळे केंद्र सरकारला या प्रश्नाची दखल घ्यावी लागली आणि राज्यांसाठी कायद्याचा एक नमुना तयार झाला. गोव्याने व केरळाने १९८० साली आपापले कायदे केले; महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा असून तो ऑगस्ट १९८२ पासून अमलात आला.

या अधिनियमाचा हेतू त्याच्या शब्दांतच दिसतो. मासेमारीचे नियमन करताना सरकारने कशाचा विचार करावा, हे त्यात सांगितले आहे : मासेमारी करणाऱ्या निरनिराळ्या घटकांचे, विशेषतः पारंपरिक होड्या वापरणाऱ्यांचे हितरक्षण, माशांचे जतन आणि शास्त्रीय नियमन, समुद्रावरील सुव्यवस्था. येथील परवाना नौकेला असतो. मालकाने प्रथम नौकेची नोंदणी करायची, मिळालेला क्रमांक नौकेच्या अंगावर रंगवायचा, मग मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. नौका कशी आहे, तिच्यावर कोणते जाळे आहे, हे पाहून शुल्क घेऊन परवाना मिळतो. मुदत संपली की नूतनीकरण. अटी मोडल्या तर परवाना निलंबित होतो किंवा रद्दही होतो. यांत्रिक नौकेला डिझेलवरील कराचा परतावा हवा तर तिची कागदपत्रे चोख असावीच लागतात. म्हणून नूतनीकरणाची तारीख मच्छीमाराच्या घरात सणाच्या तारखेइतकी लक्षात ठेवली जाते.

पुढच्या काळात या कागदाची ओझी वाढत गेली. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि जतनाचा हेतू व स्थानिकांची उपजीविका यांची सांगड कशी घालावी, हा वाद किनाऱ्यावर उभा राहिला. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून आले. त्यानंतर किनारपट्टीवरील मच्छीमारांना ओळखपत्रे देण्यात आली, नौकांच्या नोंदी संगणकावर गेल्या. रोटीचा कागद आता सुरक्षेचाही कागद झाला. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी आवाज उठविला, तेव्हा डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अभ्यास केला आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. २०२१ साली अधिनियमात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा लाखांत गेल्या आणि निवाड्याचे काम तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्ताकडे आले.

एवढे सारे झाले, तरी रापणकराची तक्रार पूर्णपणे मिटलेली नाही, आणि ती न्याय्य आहे. परवाना घेणाऱ्याने शुल्क भरले, क्रमांक रंगविला, पावसाळ्यात नौका वर ओढली. मग त्याच्या डोळ्यांदेखत बंदी घातलेली जाळी उथळ पाण्यात फिरत असतील, तर देणाऱ्याने आपल्या बाजूची हमी पाळली असे म्हणता येत नाही. गरिबाकडून अटी पाळून घेणे सोपे असते. बलवानाकडून त्या पाळून घेणे हीच परवान्याची खरी कसोटी.

आता त्या नातवाच्या प्रश्नाकडे येऊ. १९८१ चा अधिनियम नौकेला परवाना देतो. काठावर बसून घरच्या कालवणापुरते गरवणाऱ्यासाठी त्याने दरवर्षी नवा करायचा वेगळा परवाना निर्माण केलेला नाही. मग तो सर्वस्वी मोकळा आहे काय? बाकीचे नियम त्यालाही लागू आहेतच. सुरुंग आणि विष वर्ज्य. ठेक्याच्या जलाशयात अनुमतीवाचून गळ नाही. अभयारण्याच्या हद्दीत तेथील बंधने पाळणे आले. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीच्या काळासाठी. काठावरच्या माणसाला ती बंदी थेट लागू नसली तरी तिचे कारण त्यालाही कळायला हवे. आपल्या वाडवडिलांनी नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र राखला, तो कोणत्याही राजपत्राची वाट न पाहता. २०२३ साली महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले. रुपेरी पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ते धरू नये, असा त्यांतला एक नियम. तांबोशीचे किंवा शेवट्याचे बोटभर पिलू गरीला लागले, तर ते अलगद सोडवून पाण्यात परत टाकणे हे कोणी पाहत नसतानाही करण्याचे काम आहे.

नव्या करारात गळ टाकण्याचा एकच प्रसंग आढळतो, आणि तो कराविषयीचा आहे. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात मंदिराचा कर मागणारे कफर्णहूमात येतात. पुत्र करापासून मोकळे असतात, असे येशू पेत्राला स्पष्ट करतो. तरीही कोणाला अडखळण होऊ नये म्हणून त्याला सरोवरावर जाऊन गळ टाकायला आणि पहिल्या माशाच्या तोंडात सापडेल त्या नाण्याने कर भरायला सांगतो. ज्याच्यावर देणे लागू नाही, तोही इतरांसाठी देतो, असा त्या प्रसंगाचा भाव आहे.

खाडीकाठी बसणाऱ्या आपल्या मुलांना एवढे सांगावे की त्यांच्याकडे कागद कोणी मागणार नाही. समोर कांडाळ लावून बसलेल्या होडीवाल्याकडे मात्र तो आहे. त्यासाठी त्याने शुल्क भरले आहे आणि दिवस मोडून कचेरीच्या फेऱ्या घातल्या आहेत. त्याच्या जाळ्यापासून आपली गरी दूर ठेवावी, पिलू परत सोडावे, प्लॅस्टिकचा तुटका दोर पाण्यात टाकू नये. आणि त्या होडीवाल्याचा हक्क डावलला जाईल तेव्हा चार माणसांत त्याच्या बाजूने बोलावे. त्याच्या परवान्यामागची हमी खरी ठरविण्याचे काम एकट्या सरकारचे नाही, ते आपल्यासारख्या शेजाऱ्यांचेही आहे.