बिनतारी गृहजालाची सुरक्षा

घरातील संगणक, भ्रमणध्वनी इ. उपकरणे तारेविना परस्परांशी व इंटरनेटशी जोडणाऱ्या व्यवस्थेस बिनतारी गृहजाल म्हणतात. राउटर हे तिचे मध्यवर्ती उपकरण होय. जालाचे नाव, त्याचा परवलीचा शब्द, कूटलेखनाचा प्रकार आणि राउटरची मांडणी बदलण्यासाठी लागणारा स्वतंत्र परवलीचा शब्द या गोष्टी त्यात ठरवाव्या लागतात. रेडिओ तरंग घराच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. त्यामुळे जालाची सुरक्षा या मांडणीवरच अवलंबून असते. तिची जबाबदारी प्रथम मुख्यतः वापरणाऱ्यावर होती. ती हळूहळू निर्मात्याकडेही गेली.

उगम : अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८५ मध्ये २·४ गिगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यासह काही कंप्रता पट्टे विनापरवाना बिनतारी संदेशवहनास खुले केले. आयईईई या संस्थेचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये निघाले. त्याचा कमाल वेग सेकंदास २ मेगॅबिट होता. १९९९ च्या सुधारित मानकात तो ११ मेगॅबिट झाला. त्याच वर्षी ॲपल कंपनीने ‘एअरपोर्ट’ हे घरगुती उपकरण विक्रीस आणले. भारतात २·४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला.

कूटलेखन : मूळ मानकातील ‘वेप’ या पद्धतीचा उद्देश तारेच्या जालाइतकी गुप्तता देणे हा होता. तिची कळ अवघ्या ४० बिटांची होती. प्रत्येक संदेशखंडासाठी कळीस जोडली जाणारी संख्या २४ बिटांची असल्याने सु. १ कोटी ६८ लाख संदेशखंडांनंतर तिची पुनरावृत्ती अटळ असे. फ्लुरर, मांतिन व शमीर यांनी २००१ मध्ये या पद्धतीतील मूलभूत दोष दाखविला. २००७ मध्ये दार्मश्टाट येथील संशोधकांनी १०४ बिटांची कळही एका मिनिटाच्या आत शोधून काढता येते, हे सिद्ध केले. तत्पूर्वीच, जुन्या उपकरणांवरही चालू शकेल अशी ‘डब्ल्यूपीए’ ही पद्धत २००३ मध्ये आणि अधिक भक्कम ‘डब्ल्यूपीए २’ २००४ मध्ये आली होती. मांडणी सुलभ व्हावी म्हणून २००७ मध्ये आठ अंकी क्रमांकाची योजना निघाली. तथापि राउटर त्या क्रमांकाचे दोन भाग वेगवेगळे तपासत असे व शेवटचा अंक केवळ पडताळ्याचा होता. त्यामुळे कोट्यवधींऐवजी ११,००० प्रयत्न पुरतात, हे डिसेंबर २०११ मध्ये उघड झाले.

दायित्व : असुरक्षित जालाचा परिणाम मालकालाही भोगावा लागतो. अहमदाबाद येथे २६ जुलै २००८ रोजी झालेल्या बाँबस्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेला ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या खुल्या बिनतारी जालातून पाठविला गेल्याचे तपासात आढळले. तेथील रहिवाशास चौकशीला सामोरे जावे लागले; त्याचा कटाशी संबंध नसल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना बिनतारी जोडण्यांच्या सुरक्षित वापराबाबत सूचना दिल्या.

‘डब्ल्यूपीए ३’ ही पद्धत २०१८ मध्ये प्रसृत झाली. परंतु कूटलेखन कितीही भक्कम असले, तरी कारखान्यातून आलेला सर्वज्ञात परवलीचा शब्द तसाच राहिल्यास ते निष्फळ ठरते. म्हणून कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून व ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सर्व नगांना एकच सहज ओळखता येणारा परवलीचा शब्द देण्यास कायद्याने मनाई करण्यात आली. त्यापूर्वी विकल्या गेलेल्या राउटरांची मांडणी तपासण्याचे काम मात्र घरमालकाकडेच राहिले.