सीएनसीची गोष्ट : कौशल्य हातात की फाइलमध्ये?

आजच्या एपिसोडमध्ये लाकूड आहे, हेलिकॉप्टर आहे आणि आपलं सारंगखेडाही आहे. तापीकाठचं हे गाव तुम्हाला दत्तजयंतीच्या घोडेबाजारामुळे माहीत असेल. पण आज विषय घोड्यांचा नाही, सीएनसी राउटरचा आहे. म्हणजे कॉम्प्युटरने दिलेल्या आकड्यांप्रमाणे लाकूड कापणारं, कोरणारं यंत्र.

याची सुरुवात सुतारकामातून झाली नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. पात्याचा वळणदार आकार अचूक हवा. त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी आयबीएमच्या पंच कार्ड यंत्रावर त्या वळणाचे बिंदू काढले. मग एक जण आकडे वाचायचा आणि दोघं मशीनची दोन हँडलं त्याप्रमाणे फिरवायचे. आजच्या सीएनसीचा एक्स आणि वाय अक्ष म्हणजे मुळात ही दोन माणसं! १९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलाने या कल्पनेला पैसा दिला, काम एमआयटीकडे गेलं, आणि १९५२ मध्ये पंच केलेल्या टेपवर चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं गेलं.

आता खरी गंमत ऐका. त्याच काळात दुसरीही एक पद्धत होती, रेकॉर्ड-प्लेबॅक. कुशल कारागीर एकदा हाताने काम करायचा, त्याच्या हालचाली टेपवर उतरायच्या आणि मशीन त्या पुन्हा करायचं. यात कारागीरच प्रोग्रामर! ही पद्धत मागे पडली. विमानाचे अवघड आकार हाताने करून रेकॉर्ड करणं कठीण होतं, हे एक कारण. पण इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४च्या पुस्तकात दुसरं कारण मांडलं : मॅनेजमेंटला कामाचा ताबा कारागिराकडून काढून ऑफिसमध्ये आणायचा होता. या मतावर वाद आहे. तरी प्रश्न उरतोच : फाइल कोणाच्या हातात?

आपल्या महाराष्ट्रात याचं एक वेगळं उत्तर सापडतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हे त्यांचं सूत्र. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब आली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक. हवाई दलासाठी जन्मलेलं तंत्र पन्नास वर्षांनी खेड्यातल्या पोरांच्या हाती आलं.

मी सॉफ्टवेअरवाला. सारंगखेड्यात आमच्या ओळखीच्या मिस्त्री आबांसोबत मी एक साइड टेबल केलं. ड्रॉइंग माझं, सागाची फळी त्यांनी निवडलेली. राउटरचं बिट गोल फिरतं, त्यामुळे खाचेचा आतला कोपरा काटकोनात येत नाही. ६ मिलिमीटरच्या बिटाने ३ मिलिमीटरची गोलाई राहतेच. ती आबांनी पटाशीने साफ केली. वरची फळी बसवण्याआधी म्हणाले, "बेटा, पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते. स्क्रूची भोकं लांबट ठेव." मी फाइलमध्ये तो बदल केला.

म्हणजे पन्नास-एक वर्षांचा अनुभव आता त्या फाइलमध्ये दोन ओळींचा कोड होऊन बसलाय. उद्या ती फाइल कोणीही चालवेल, आबांचं नाव कुठेच दिसणार नाही. म्हणून ती फाइल त्यांच्या मोबाइलवरही दिली आणि मापं कशी बदलायची ते त्यांच्या नातवाला शिकवलं. पुढचं टेबल थोडं उंच करायचं, हे त्या दोघांनीच ठरवलंय.

मशीनमुळे मिस्त्रीचं काम जातं की वाढतं, हे मशीन ठरवत नाही. मापं कोण बदलू शकतो, यावर ते ठरतं. तुमच्या गावातल्या वर्कशॉपमध्ये फाइल कोणाकडे असते? एकदा विचारून बघा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!