आर्किटेक्चर म्हणजे नेमके काय? इमारतीतले आणि संगणकातले

‘आर्किटेक्ट पाहिजे’ अशी जाहिरात दिसली, तरी काम कोणते हे त्या एका शब्दावरून कळत नाही. ते इमारतीचा आराखडा करण्याचे असू शकते, किंवा एखाद्या आयटी कंपनीत सॉफ्टवेअरची रचना ठरवण्याचे. बारावीनंतर प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांचाही इथे गोंधळ होतो. बी.आर्क. ही इमारतींच्या वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी आहे, तर ‘कॉम्प्युटर आर्किटेक्चर’ हा संगणक अभियांत्रिकीतला एक विषय आहे.

शब्द कुठून आला?

ग्रीक भाषेत ‘आर्खी’ म्हणजे मुख्य आणि ‘टेक्टोन’ म्हणजे सुतार किंवा बांधकाम करणारा. या दोन शब्दांवरून आर्किटेक्ट म्हणजे मुख्य बांधणारा. संस्कृतातला ‘स्थपति’ हा शब्द याच अर्थाच्या जवळ जातो. ‘वास्तु’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून आला आहे.

मराठीत आर्किटेक्चरला वास्तुकला, वास्तुरचना किंवा स्थापत्य म्हणतात. मात्र ‘स्थापत्य अभियांत्रिकी’ म्हणजे सिव्हिल इंजिनीअरिंग, आणि रोजच्या बोलण्यात ‘वास्तुशास्त्र’ म्हटले की दिशांविषयीच्या समजुती आठवतात. त्यामुळे इमारतींच्या संदर्भात ‘वास्तुकला’ हा शब्द अधिक स्पष्ट ठरतो. संगणकाच्या संदर्भात मात्र बहुतेक जण सरळ ‘आर्किटेक्चर’च म्हणतात.

इमारतीतले आर्किटेक्चर

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक व्हिट्रुव्हियस याने चांगल्या वास्तूच्या तीन कसोट्या सांगितल्या: मजबुती, उपयुक्तता आणि सौंदर्य. आजही वास्तुकलेच्या शिक्षणात त्या शिकवल्या जातात.

वास्तुविशारद खोल्यांची मांडणी, उजेड, वारा, ये-जा आणि वास्तूचे रूप ठरवतो. खांब, तुळया आणि पाया किती भार पेलतील, याचे गणित स्ट्रक्चरल इंजिनीअर मांडतो. काही निर्णय नंतर बदलता येतात, काही नाही. आरसीसी इमारतीत दोन खोल्यांमधली विटांची आडभिंत काढता येईल, पण खांबाला धक्का लावला तर वरच्या सगळ्या मजल्यांना धोका असतो. म्हणून घराच्या नूतनीकरणात ‘ही भिंत भार पेलते का?’ हा प्रश्न हातोडा उचलण्याआधी विचारावा लागतो.

संगणकात हा शब्द कसा शिरला?

आयबीएममधील फ्रेडरिक ब्रूक्स १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हा शब्द संगणकासाठी वापरत होते. त्याला पक्का अर्थ मिळाला तो सिस्टिम/३६० या यंत्रमालिकेमुळे. ७ एप्रिल १९६४ रोजी ती जाहीर झाली. त्याआधी ग्राहकाने मोठा संगणक घेतला की जुने प्रोग्रॅम बहुधा पुन्हा लिहावे लागत. सिस्टिम/३६० मध्ये लहान-मोठ्या अनेक यंत्रांना एकच सूचनासंच दिला गेला.

जीन ॲमडाल, गेरिट ब्लाउ आणि ब्रूक्स यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या शोधनिबंधात आर्किटेक्चरची व्याख्या दिली. तिचा आशय असा: प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यंत्र जसे दिसते आणि वागते, ते त्याचे आर्किटेक्चर. आतली जोडणी ही वेगळी गोष्ट.

पेटीचे उदाहरण घेतल्यास हे सोपे होते. पट्ट्यांचा क्रम सगळ्या पेट्यांवर सारखा असतो. आतले सूर आणि भाता वेगवेगळ्या कारागिरांचे असले, तरी वादकाला नव्याने शिकावे लागत नाही. पट्ट्यांचा क्रम म्हणजे आर्किटेक्चर, आतली बनावट म्हणजे अंमलबजावणी. सिस्टिम/३६० मालिकेतले लहान मॉडेल ३० आतून एका वेळी ८ बिट हाताळत असे, मोठी मॉडेल त्याहून बरीच जास्त. पण दोन्हींना कळणाऱ्या सूचना सारख्याच होत्या.

आजचे एक्स८६, एआरएम आणि रिस्क-व्ही हे असेच सूचनासंच आहेत. म्हणूनच एक्स८६ साठी तयार केलेला प्रोग्रॅम एआरएम चिपवर जसाच्या तसा चालत नाही. ॲपलने २०२० पासून मॅक संगणकांत इंटेलऐवजी स्वतःच्या एआरएम चिप बसवायला सुरुवात केली, तेव्हा जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून ‘रोझेटा २’ हा अनुवादक द्यावा लागला. रिस्क-व्ही हा खुला सूचनासंच आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे ‘वेगा’ आणि आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ हे प्रोसेसर त्यावरच आधारलेले आहेत.

‘सॉफ्टवेअर आर्किटेक्चर’ हा त्यापुढचा अर्थ. तिकीट आरक्षणाच्या प्रणालीत आसनांची नोंद, पैसे भरणे आणि प्रवाशांची माहिती हे भाग कसे विभागायचे आणि एकमेकांशी कसे जोडायचे, हे त्यात ठरते. बटणाचा रंग कधीही बदलता येतो. सगळी माहिती एकाच ठिकाणी ठेवायची की विभागून, हा निर्णय मात्र खांबासारखा असतो. नंतर बदलायचा तर फार महागात पडतो.

वास्तुकलेकडून थेट उसनवारी

दोन क्षेत्रांतले नाते केवळ शब्दापुरते नाही. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. शहरापासून खिडकीपर्यंत पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी आणि त्यांची उत्तरे त्यात २५३ नमुन्यांत मांडली आहेत. प्रोग्रॅमरांनी ही कल्पना उचलली. १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकात सॉफ्टवेअरचे २३ नमुने आले. वॉर्ड कनिंगहॅम यांनी असे नमुने जमवण्यासाठी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. विकिपीडियाच्या नावातला ‘विकी’ तिथलाच.

साम्य कुठे संपते?

इमारत गुरुत्वाकर्षणाला आणि जागेला बांधलेली असते, आणि बांधून झाल्यावर तिचा सांगाडा सहसा बदलत नाही. सॉफ्टवेअर वापरात असतानाच बदलत राहते.

जबाबदारीतला फरक अधिक महत्त्वाचा आहे. भारतात आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२ नुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांनाच ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद लावता येते. लँडस्केप आणि नेव्हल आर्किटेक्ट यांचा कायद्यात अपवाद म्हणून उल्लेख आहे, सॉफ्टवेअरचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की हा कायदा बिरुदाच्या वापरावर बंधन घालतो. नोंदणी नसलेल्यांना त्या प्रकारचे काम करण्यास तो सरसकट मनाई करत नाही.

आयटी क्षेत्रातला ‘सोल्यूशन आर्किटेक्ट’ हे कंपनीने दिलेले पदनाम असते. त्यासाठी अशी वैधानिक नोंदणी नाही. म्हणून घराच्या कामासाठी आर्किटेक्ट नेमताना कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारावा. नोकरीची जाहिरात वाचताना मात्र पदनामाऐवजी खाली लिहिलेले काम आणि पात्रता पाहावी.