मतदानाला ३६० तास

दोन वर्षं आधी

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात पुटनम नावाची काउंटी आहे. तिथे मालमत्ता कराची आकारणी करणारा अधिकारीही लोकच निवडून देतात. १९९६ मध्ये त्या पदावर बायरन लूपर नावाचा बत्तीस वर्षांच्या आतबाहेरचा माणूस निवडून आला. त्याआधी जॉर्जियात डेमोक्रॅट म्हणून विधानसभेला उभा राहून तो पडला होता. टेनेसीत मात्र तो रिपब्लिकन झाला. कर कमी करा, ही एकच घोषणा त्याने धरली आणि रीतसर कायद्याने आपल्या नावाच्या मध्ये ‘लो टॅक्स’ हे शब्द घालून घेतले. मतपत्रिकेवर नाव वाचलं की घोषणाही वाचली जायची.

सात महिने आधी

मार्च १९९८. लूपरवर १४ आरोप ठेवले गेले. पदाचा गैरवापर, चोरी असे ते आरोप होते. हा राजकीय सूड आहे, असं तो म्हणाला. त्याच वर्षी राज्याच्या सिनेटसाठी त्याने रिपब्लिकन उमेदवारी मिळवली. पक्षातून दुसरं कुणी पुढे आलंच नाही, म्हणून ती त्याच्या पदरात पडली. आरोप डोक्यावर असलेल्या माणसाकडे पक्षाने नीट पाहिलं नाही, हे मला या सगळ्या क्रमातलं पहिलं चुकलेलं पाऊल वाटतं.

समोर होते टॉमी बर्क्स. वय ५८, शेतकरी, १९७० पासून विधिमंडळात आणि १९७८ पासून सिनेटमध्ये. पक्ष डेमोक्रॅट, पण वृत्ती जुन्या वळणाची. शाळेत उत्क्रांतिवाद सिद्ध झालेलं सत्य म्हणून शिकवणाऱ्या शिक्षकाला काढता यावं, असं विधेयक त्यांनी १९९६ मध्ये मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. मला स्वतःला ते विधेयक मुळीच पटत नाही. पण एवढ्यावरून कळतं, की परंपरावादी मतदाराला बर्क्सना सोडून लूपरकडे जायचं काहीच कारण नव्हतं. सरळ लढतीत आव्हानवीराला वाट दिसत नव्हती.

पंधरा दिवस आधी

मतदान ३ नोव्हेंबरला होतं. टेनेसीच्या तेव्हाच्या कायद्यात एक कलम होतं. मतदानाला ३० दिवसांहून कमी उरले असताना उमेदवार वारला, तर मतपत्रिकेवरून त्याचं नाव काढायचं आणि पक्षाला बदली नाव देता यायचं नाही. आपल्याकडे मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानाआधी वारला तर मतदान पुढे ढकलतात आणि पक्षाला दुसरा माणूस उभा करायला वेळ देतात. तिकडे तसं नव्हतं. ४ ऑक्टोबरला, एका रविवारी, ती तीस दिवसांची रेषा ओलांडली गेली. त्या दिवसापासून बर्क्स यांच्या जिवावर एका छापील नावाचं भवितव्य टांगलेलं होतं, आणि ते फक्त एकाच माणसाने हेरलं होतं.

सोमवार, १९ ऑक्टोबर, पहाट

मॉन्टेरी गावाजवळ, कंबरलँडच्या पठारावर बर्क्स यांचं शेत. ऑक्टोबरात तिथे सातच्या सुमाराला उजाडतं. भोपळ्यांचा हंगाम होता. शाळेची मुलं शेतावर यायची, गवताच्या गाडीतून फिरायची, भोपळे निवडायची. अठ्ठावीस वर्षं विधिमंडळात काढलेला माणूस त्या सकाळी पिकअप घेऊन शेतावर आला होता, गड्याशी दिवसाच्या कामाचं बोलत होता. मुलं येणार म्हणून काय काय आवरायचं, हेच ते बोलणं. त्या भोपळ्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

शेवटची काही मिनिटं

एक काळी गाडी दोघांच्या जवळून गेली. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, हातांत काळे मोजे. गडी आपल्या कामाला वळला. थोड्या वेळाने त्याला फट्‌ असा आवाज आला आणि तीच गाडी भरधाव निघून जाताना दिसली. तो पिकअपपाशी गेला तेव्हा बर्क्स स्टिअरिंगवर कलंडलेले होते. डाव्या डोळ्याच्या वर गोळी लागली होती.

मतदानाला तेव्हा साधारण ३६० तास उरले होते.

त्यानंतर

लूपर शेजारच्या आर्कान्सॉ राज्यात हॉट स्प्रिंग्ज इथे एका जुन्या मित्राच्या घरी पोचला आणि आपण काय केलं ते त्याला सांगून बसला. सैन्यात भरती करण्याचं काम करणारा तो मित्र गप्प राहिला नाही. पोलिसांना त्याने सारं सांगितलं. इकडे टीव्हीवर लूपरचा फोटो पाहून गड्याने गाडीतला माणूस ओळखला. शुक्रवारी, २३ ऑक्टोबरला, लूपर घरी परतला आणि पकडला गेला.

पण मतपत्रिका तशीच राहिली. बर्क्स यांचं नाव कायद्याने गेलं होतं, आणि कोठडीतल्या माणसाचं नाव छापलेलं होतं, एकटंच. बर्क्स यांच्या पत्नी शार्लट यांनी उभं राहायचं ठरवलं. त्यांचं नाव छापता येणार नव्हतं. ज्याला त्यांना मत द्यायचं, त्याने ते स्वतः लिहायचं होतं. घरात सुतक, तीन मुली, आणि दोन आठवड्यांच्या आत सगळ्या मतदारसंघाला एक नाव लिहायला शिकवायचं. गावोगावच्या माणसांनी ते काम अंगावर घेतलं.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

छापलेल्या नावाला १,५३१ मतं पडली. शार्लट बर्क्स हे नाव ३०,२५२ जणांनी लिहिलं.

ऑगस्ट २००० मध्ये लूपरला पॅरोलशिवाय जन्मठेप झाली. २०१३ मध्ये तो तुरुंगातच वारला. शार्लट बर्क्स तेव्हाही पतीच्या जागेवर सिनेटमध्ये बसत होत्या.