शार्कचा दात, टाकळीचा शंख

नागपूरहून वर्धा मार्गाने दक्षिणेस निघाले की सोनेगावच्या विमानतळापलीकडे मिहानचा विस्तीर्ण परिसर लागतो. रस्ते, कारखाने, कचेऱ्या यांच्या पायासाठी जमीन खणली गेली, तेव्हा मातीखालचा काळा पाषाण उघडा पडला. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. समुद्र येथून शेकडो मैल दूर आहे. अशा ठिकाणी उभे राहून आम्ही शार्क माशाच्या अभ्यासाची कथा सांगू लागलो, तर वाचकांस ते विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु खडकांचे थर वाचण्याची जी विद्या आज या भूमीचा इतिहास सांगते, तिचा एक मूळ झरा शार्कच्या जबड्यातून निघाला आहे.

ही गोष्ट १६६६ सालची. इटलीतील लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक फर्डिनांड दुसरा याने त्याचे मस्तक फ्लॉरेन्सला मागवले आणि त्याचे विच्छेदन निकोलस स्टेनो या अठ्ठावीस वर्षांच्या डॅनिश तरुणाकडे सोपवले. स्टेनोची दृष्टी विद्यार्थिदशेतच घडली होती. १६६० साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये मेंढीचे डोके तपासताना त्याला गालातील लाळेची नलिका आढळली. त्या शोधाच्या श्रेयावरून गुरूशी त्याचा कलहही झाला. परंतु हाती आलेली वस्तू ग्रंथातील वचनापेक्षा बारकाईने पाहावयाची, ही सवय तेव्हापासून त्याच्या अंगी बाणली.

शार्कचे दात पाहताना त्याला ‘जिव्हाशिला’ आठवल्या. माल्टा बेटावरील खडकांत सापडणारे हे त्रिकोणी दगड विषावर उतारा म्हणून विकले जात. संत पौलाला माल्टात सर्प डसला, ही ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील कथा आपणांस परिचित आहे. त्यानंतर संताच्या शापाने बेटावरील सर्पांच्या जिव्हा पाषाण झाल्या, अशी लोकश्रद्धा होती. हे दगड शार्कचे दात होत, असे फाबियो कोलोन्ना याने १६१६ सालीच म्हटले होते. स्टेनोने १६६७ साली तेच शार्कच्या मस्तकाच्या आधारे मांडले आणि पुढचा प्रश्न विचारला : समुद्रातल्या माशाचा दात खडकाच्या पोटात गेला कसा? याचे उत्तर त्याने १६६९ साली दिले. पाण्यात गाळ थराथराने साचतो, खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा असतो, आणि गाळात पुरलेला जीव गाळाबरोबरच पाषाण होतो. हाच स्टेनो १६६७ साली कॅथलिक झाला, १६७५ साली त्यास गुरुदीक्षा मिळाली, १६७७ साली तो बिशप झाला, आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यास धन्यवादित घोषित केले.

आता नागपूरकडे वळू. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी येथे आले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. ते आपल्या पंथाचे नव्हते, परंतु त्यांची निष्ठा आदराने स्मरावी अशी होती. शाळा, प्रवचने, गोंडी भाषेचा अभ्यास यांतून उरलेल्या वेळात ते सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह खडक धुंडाळीत. सेमिनरी हिल्सच्या परिसरातील टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात त्यांना शंख, कीटकांची पंखकवचे, फळे आणि बिया सापडल्या. १८५५ साली दोघांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला.

हिस्लॉप यांची विवेकबुद्धी आम्हांस विशेष भावते. खडकात शंख दिसला की येथे समुद्र होता असे म्हणून टाकण्याचा मोह कोणालाही होईल. टाकळीचा शंख मात्र गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचा होता. म्हणून दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात येथे तळी होती, असे त्यांनी सांगितले. राजमहेंद्रीजवळच्या तशाच थरांतील शंखशिंपल्यांचे वर्णन त्यांनी १८६० साली केले, तेव्हा तेथे खाऱ्या पाण्याचा संबंध मान्य केला. जेथे तळे तेथे तळे आणि जेथे खाडी तेथे खाडी म्हणणे, एवढाच हा नियम. तो पाळणे मात्र कठीण. ‘हिस्लोपिया’ या गोड्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्याला १८५८ साली त्यांचेच नाव मिळाले. गंमत अशी, की या प्राण्याचे बहुतेक भाऊबंद समुद्रात राहतात.

मग शार्कचे काय? शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, तो सहसा कुजून जातो. दात मात्र आयुष्यभर गळत व नव्याने येत राहतात, आणि तेच मागे उरतात. आपल्या वसईच्या बाजारात मुशी आणि पाकट शेजारी शेजारी दिसतात. पाकट हा शार्कचा जवळचा नातलग. चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, आताच्या तेलंगणातील आसिफाबादजवळ, पंजाब विद्यापीठाचे प्रा. अशोक साहनी आणि त्यांचे विद्यार्थी जी. व्ही. आर. प्रसाद यांनी लाव्हाथरांमधील गाळाचा अभ्यास केला. गाळ पाण्यात भिजवायचा, बारीक चाळणीतून धुवायचा आणि उरलेला कण न् कण सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचा, असे हे चिकाटीचे काम. १९८७ साली त्यांनी त्या जीवसमूहास किनारी मैदानातील म्हटले. शिंपले भरडण्याजोग्या चपट्या दातांवरून ओळखलेल्या पाकटाच्या एका जातीस १९९३ साली प्रसाद आणि फ्रेंच संशोधक आंरी कापेत्ता यांनी ‘इग्डाबाटिस इंडिकस’ असे नाव दिले.

पुढे २००९ साली नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील गाळात समुद्रात तरंगणारे सूक्ष्म जीव सापडल्याचे गेर्टा केलर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले आणि समुद्राची एक भुजा मध्य भारतात शिरली होती असे सुचवले. हा निष्कर्ष सर्वमान्य झालेला नाही. पाकट खाडीतून नदीतही शिरतो, त्यामुळे केवळ त्याच्या दातावरून समुद्राची हद्द आखता येत नाही. हिस्लॉप यांची सावधगिरी येथेही उपयोगी पडते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहावयास गेले होते. परतताना रात्री बोरीजवळचा नाला पावसाने फुगला होता. घोड्यावरून तो ओलांडताना ते वाहून गेले. वयाची ४६ वर्षेही पुरी झाली नव्हती. मिहानहून बुटीबोरीकडे जाणारा प्रवासी त्याच मुलखातून जातो. आदिवासींविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ साली छापली म्हणून वाचली. त्यांच्या मनात असलेले इतर पुष्कळ काही त्या नाल्याबरोबर गेले.

आज टाकळी शहराच्या पोटात आहे. घरे बांधू नयेत असे आम्ही म्हणणार नाही, कारण माणसास निवारा हवा आणि रोजगारही हवा. परंतु पाया खणला जातो त्या चार दिवसांत एखाद्या शिक्षकाने आपले विद्यार्थी तेथे न्यावेत, एवढे तरी व्हावे. भराव पडल्यावर तो थर पुन्हा दिसत नाही. स्टेनोला राजाश्रय होता, हिस्लॉप यांच्यापाशी शाळामास्तराचा फावला वेळ होता, आणि प्रसादांपाशी चाळणी होती. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी आपल्या कोणत्याही शाळेस परवडतील. मुलाच्या तळहातावर काय येईल, शंख की दात, हे आधी ठरवता येणार नाही. जे येईल ते आहे तसे सांगण्यास त्याला शिकवणे मात्र आपल्या हाती आहे.