अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि गावचे पाणी

भोरजवळचे उत्रोली हे नीरेच्या खोऱ्यातले गाव. या खोऱ्यात अभियंते फार पूर्वीच आले, पण गावांनी बोलावले म्हणून नव्हे. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग निघाला तोच सरकारी बांधकाम खात्याला प्रशिक्षित माणसे हवीत म्हणून. वेळवंडी नदीवर भाटघरचे पहिले धरण एकोणिसाव्या शतकात झाले. पुढे १९२८ साली तिथेच लॉइड धरण पूर्ण झाले. पाणी कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे गेले. भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावरच्या वाड्यांना मात्र मुसळधार पावसानंतरही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. विद्यार्थ्याने कोणाचा प्रश्न सोडवायचा, हे दीर्घकाळ खातेच ठरवत होते.

१९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि महाविद्यालयीन मुले शिबिरांसाठी गावात जाऊ लागली. श्रमदान झाले, पण अभियांत्रिकीच्या मुलाच्या हातीही कुदळच आली, मोजणीचे यंत्र क्वचित. खरा फरक ऐंशीच्या दशकात पडू लागला. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला काम करत शिकण्यासाठी विज्ञान आश्रम काढला. १९८५ साली मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू झाले. ते ‘सितारा’ या नावाने ओळखले जाते. पुढे तिथे बी.टेक.च्या विद्यार्थ्यांनाही गावातला प्रश्न अभ्यासक्रमाचा भाग म्हणून घेता येऊ लागला.

अशा प्रकल्पाच्या कामाची रीत वरकरणी साधी आहे. नळपाणी योजना घेतली, तर टाकीची उंची, पाइपचा व्यास, पंपाचे तास आणि विजेचे बिल तपासायचे. मग घरोघर जाऊन हंडे मोजायचे. कागदावर माणशी ठरलेले पाणी शेवटच्या नळाला का पोचत नाही, याचे उत्तर कधी पाइपच्या उतारात सापडते, कधी थकलेल्या पाणीपट्टीत. दुसऱ्या प्रकारचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसते, आणि या शिक्षणाचे मोल तिथेच आहे. अहवाल ग्रामपंचायतीला कळेल अशा मराठीत लिहिणे हे गणितापेक्षा अवघड जाते.

२०१६ साली राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू करून प्रादेशिक महाविद्यालयांना जिल्ह्यातले प्रश्न अभ्यासायला सांगितले. आयआयटीचा विद्यार्थी येऊन परत जातो. भोर तालुक्यातच धांगवडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथल्या मुलाला वर्षभर जाता येते. अडचण वेळापत्रकाची. टंचाई एप्रिल-मेमध्ये टोकाला जाते, त्याच सुमारास परीक्षा येतात. नवे सत्र सुरू होते तेव्हा विहिरी भरलेल्या असतात. म्हणून पाण्याचा एकच प्रकल्प लागोपाठच्या दोन तुकड्यांकडे सोपवावा लागतो.