पहाऱ्याची सनद

मुखेड, कंधार, देगलूर, जळकोट, अहमदपूर, निलंगा या नांदेड-लातूरकडील तालुक्यांतून सुगी आटोपल्यावर, आणि अवर्षणाच्या साली तर सुगीची वाटही न पाहता, जे तरुण पुणे-मुंबईची वाट धरतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या अंगावर पहिल्या महिन्यातच खाजगी सुरक्षा रक्षकाचा गणवेश चढतो. या नोकरीस ‘लायसन’ लागते एवढे त्यांनी गावीच ऐकलेले असते. परंतु ते लायसन कोणी कोणास द्यावयाचे, त्यावर नाव कोणाचे असावयाचे आणि त्याचे पैसे कोणी भरावयाचे, याविषयी जी संदिग्धता आहे तिच्यावर कित्येक मध्यस्थांचा चरितार्थ चालतो. ही संदिग्धता आजची नव्हे. पहारेकऱ्याच्या इमानाची हमी कोणी घ्यावी, हा प्रश्न या मुलखापुढे फार पूर्वीपासून उभा आहे, आणि प्रत्येक अमदानीने त्याचे उत्तर आपापल्या सोयीने दिले आहे.

गावगाड्यात हे उत्तर जन्माने ठरत असे. वेशीवरचा येसकर, रात्री गस्त घालणारा तराळ, चोराची पावले ओळखून माग काढणारा रामोशी किंवा बेरड, यांना कोणी नेमीत नसे; बाप गेला की मुलगा त्याची काठी हाती घेई. चोरीचा माग ज्या गावच्या शिवेत जाऊन थांबे त्या गावाने तो पुढे काढून द्यावा, नाहीतर नुकसान भरून द्यावे, असा दख्खनभर रिवाज होता, आणि त्यामुळे पहारेकऱ्याची चूक ही सबंध गावाच्या गाठीला बसे. त्याबदल्यात त्याला बलुते मिळे, क्वचित इनाम जमिनीचा तुकडा मिळे, आणि येसकर-तराळास अस्पृश्यतेचा जाच तर न मागता मिळे. ज्याच्या भरवशावर गाव झोपी जाई त्याला गावात घर बांधण्याची मुभा नव्हती, ही या व्यवस्थेची नामुष्की कोणत्याही गौरवाने झाकली जाण्यासारखी नाही. याच्या जोडीस शेतसनदी नावाचा एक वर्ग होता. सरकारी चाकरीच्या मोबदल्यात शेत देऊन त्याची सनद त्याच्या नावे करून दिलेली असे. निजामी मुलखातील दप्तरांत व बोलीत याच वर्गास शेतसिंधी म्हटलेले आढळते. पहारेकऱ्याच्या स्वतःच्या नावाचा कागद त्याच्या स्वतःच्या घरात असण्याचे हे या भागातील जुने उदाहरण होय.

गावाच्या वर मात्र चित्र निराळे होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून निजामाच्या राज्यात देशमुख, जमीनदार, सावकार आणि खुद्द सरकार यांची शिबंदी मुख्यतः परदेशी माणसांची असे, आणि त्यांत अरब व रोहिले अग्रगण्य होते. नांदेडच्या उत्तरेस पैनगंगेच्या खोऱ्यात हटकरांचा नायक नोवसाजी याने इंग्रज-निजामाच्या अंमलाला आव्हान दिले, तेव्हा नोव्हा येथील त्याची गढी लढविली ती मुख्यत्वे अरबांनीच; जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या हाताखालील निजामाच्या फौजेने तिला वेढा घातला आणि ३१ जानेवारीस हल्ला करून ती घेतली. ही माणसे नोवसाजीच्या प्रजेतली नव्हती, त्याच्या भाषेची नव्हती, परंतु घेतलेल्या तनख्याला ती अखेरपर्यंत जागली.

या पद्धतीची खरी किल्ली होती जमादार. सरकारशी किंवा सावकाराशी करार होई तो जमादाराचा. अमुक इतकी माणसे पुरवीन असे तो लिहून देई, त्या संख्येप्रमाणे खजिन्यातून रक्कम उचली आणि त्यातून आपल्या माणसांना आपल्या मर्जीप्रमाणे मुशाहिरा वाटी. हजेरीपटावर असलेली सगळी माणसे पहाऱ्यावर असतच असे नाही. शिपायाचे नाव जमादारापलीकडे कोणास ठाऊक नसे, आणि त्याने आगळीक केली तर दाद मागावयाची तीही जमादाराकडेच. तनखा थकला की हेच जमादार सरकारचे सावकार बनत, थकबाकीपोटी मुलूख आणि किल्ले गहाण ठेवून घेत, आणि खाजगी ऋणकोच्या दारात सशस्त्र माणूस बसवून वसुली करीत. १८५३ साली दिवाण झालेल्या सर सालारजंगांनी पहिली काही वर्षे खर्ची घातली ती अशा धनकोंच्या हातून तालुके सोडविण्यात. पुढे १८६५ मध्ये त्यांनी जिलाबंदी करून जिल्हे, तालुकदार आणि सरकारी पोलीस यांची घडी बसविली, तेव्हा कोठे रखवालीचे काम दौलतीचे, ठेकेदाराचे नव्हे, हे तत्त्व कागदावर तरी आले. त्या अरबांचे वंशज चाऊस या आडनावाने आजही मराठवाड्यात नांदत आहेत, आणि त्यांचे मराठी ऐकून त्यांचे पूर्वज हद्रमौतहून आले होते हे सांगूनही कोणास खरे वाटू नये.

नांदेडपुरती आणखी एक कथा सांगितलीच पाहिजे. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ मध्ये येथे देहावसान झाल्यापासून गोदातीरीचे हे स्थान शिखांचे तीर्थ बनले. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात येथील गुरुद्वाऱ्याची वास्तू बांधविली, आणि त्याच सुमारास हैदराबादचे दिवाण राजा चंदूलाल यांच्या विनंतीवरून लाहोरहून शीख सैनिकांची एक तुकडी निजामाच्या चाकरीस आली. लाहोरी फौज किंवा जमियत-ए-निजाम-ए-सिखां या नावाने ती ओळखली जाई, आणि वसुलीच्या, खजिन्याच्या, बंदोबस्ताच्या कामावर तिची नेमणूक होई. ती परत गेली नाही. दख्खनी शीख म्हणून जो समाज आज नांदेड-हैदराबादकडे दिसतो, त्याच्या मुळाशी पहाऱ्याची ही चाकरी आहे.

१९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची रेल्वे नांदेडास आली, १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोहोचली, आणि लातूरच्या आडत पेठेत व नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या फाटकावर निराळा पहारेकरी उभा राहिला. शेठच्या ओळखीचा किंवा जुन्या नोकराने आणून उभा केलेला हा माणूस. त्याच्या नेमणुकीस ना सनद, ना मुचलका, केवळ कोणाच्या तरी शब्दाचा आधार.

खाजगी माणसाने खाजगी पथक उभारावे आणि त्यास गणवेश चढवावा, यातून काय निष्पन्न होऊ शकते याचा जो अनुभव या प्रांतास आला तो फार कमी प्रांतांस आला असेल. लातुरात वकिली करणारा कासीम रझवी १९४६ मध्ये इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा अध्यक्ष झाला, आणि तिच्या स्वयंसेवकांचे, म्हणजे रझाकारांचे, रूपांतर एका सशस्त्र दलात झाले. रक्षणाची भाषा बोलणाऱ्या त्या दलाने गावेच्या गावे उठविली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अध्याय संपला. गणवेशाविषयीची साशंकता मात्र जुन्या पिढीच्या मनातून कधीच गेली नाही.

पहारेकऱ्याचा विचार कामगार म्हणून प्रथम झाला तो मुंबईत. माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये झालेल्या कायद्याच्या धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी कायदा केला. सरकार, मालक आणि रक्षक यांच्या प्रतिनिधींचे मंडळ असावे, रक्षकाची नोंदणी त्याच्या स्वतःच्या नावे त्या मंडळात व्हावी, मालकाने वेतन व त्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावी आणि मंडळाने ते वेतन रक्षकास द्यावे, अशी ती योजना होती. शेतसनदीनंतर प्रथमच पहारेकऱ्याचे नाव दप्तरात स्वतंत्रपणे आले. बृहन्मुंबई व ठाणे येथे तिचा प्रारंभ झाला. परंतु याच कायद्याच्या २३ व्या कलमाने सूट मिळविण्याची वाट ठेवली होती, आणि त्या वाटेने अनेक एजन्सी सुखरूप बाहेर पडल्या.

त्यानंतर आला केंद्राचा २००५ चा खाजगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा, ज्याला धंद्यातील माणसे त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पसारा’ म्हणतात. येथे परवाना आहे तो एजन्सीचा. एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० आणि सबंध राज्यासाठी २५,००० असे शुल्क कायद्याने बांधून दिले. मुदत पाच वर्षांची ठेवली. परवान्यावाचून धंदा करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. रक्षकाच्या बाबतीत मात्र केवळ पात्रता सांगितली: तो १८ वर्षे पुरी झालेला व ६५ च्या आतला असावा, त्याच्या चारित्र्याची पडताळणी झालेली असावी, त्याने विहित प्रशिक्षण घेतलेले असावे. केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांनी हे प्रशिक्षण १०० तास वर्गातले व ६० तास प्रत्यक्ष कामाचे, किमान २० दिवसांत पुरे होणारे, असे ठरविले. माजी सैनिक व माजी पोलीस यांना ४० व १६ तासांवर मोकळीक दिली. अभ्यासक्रमात आग विझविणे, गर्दी आवरणे, प्रथमोपचार, फिर्याद नोंदविण्याची रीत यांबरोबर सैन्य व पोलीस यांच्या हुद्द्यांची चिन्हे ओळखणेही आहे, आणि त्या दलांसारखा गणवेश चढविणाऱ्या रक्षकास व एजन्सीच्या मालकास शिक्षाही आहे. रझाकारांच्या मुलखातील वाचकास या कलमाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही आमचे मत असे की, या कायद्याने जमादाराचीच पुनःस्थापना केली. फरक इतकाच की, आता त्याला शासनाची मोहोर मिळाली. करार त्याचा, परवाना त्याचा, रजिस्टर त्याच्या कचेरीत, ओळखपत्र त्याने द्यावयाचे. रक्षकाने एजन्सी सोडली की ओळखपत्र परत जाते, आणि बारा-बारा तासांच्या पाळ्यांत घालविलेल्या वर्षांचा पुरावा सांगणारे शासकीय दप्तर त्याच्यापाशी उरत नाही. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हीच काय ती त्याची स्वतःची मिळकत, आणि नेमके तेच पुष्कळदा कचेरीच्या कपाटात पडून असते. १९८१ च्या कायद्याने धरलेली वाट, म्हणजे माणसाच्या नावे नोंद, अधिक न्याय्य होती.

म्हणून या जिल्ह्यांतील तरुणांस एवढेच सांगणे आहे. रक्षकाच्या नावे ‘लायसन काढून देतो’ म्हणून जो पैसे मागेल त्याला एक छदामही देऊ नका, कारण या कायद्यात तशी वस्तूच नाही. एजन्सीने आपला परवाना कचेरीत दर्शनी जागी लावलेला असणे बंधनकारक आहे. तो पाहा, त्यावरील मुदत आणि जिल्हे वाचा. चारित्र्य पडताळणीच्या दाखल्याची आणि प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची प्रत त्याच दिवशी मागून घ्या, आणि ती गावाकडच्या घरी, सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवा.